दगडावरचा नांगर: खडकीत नौसैनिकांच्या कबरी शोधायला निघताना

खडकीच्या वॉर सिमेट्रीत पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर भटकलो आणि हात हलवत परत आलो. एकही नौसैनिक सापडला नाही. होते तिथेच, मला वाचता आले नाहीत. सोबतचा मित्र सांगलीकडचा, शेतकरी घरातला. त्याला म्हटलं होतं, ‘नांगर कोरलेला दगड दिसला की हाक मार.’ तो बिचारा इमानदारीत शेतातला नांगर शोधत फिरला. शेवटी वैतागून म्हणाला, ‘इंग्रज सैनिकाच्या कबरीवर औत कशाला कोरतील?’ त्या दिवसापासून नवीन माणसाला सोबत नेताना मी आधी कागदावर जहाजाच्या नांगराचं चित्र काढून दाखवतो.

पुण्यात नौसैनिक कसे, हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी पश्चिम आणि मध्य भारतात जागोजागी विखुरल्या होत्या. कुठे छावणीच्या कोपऱ्यात, कुठे गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत. त्या सगळ्यांची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, म्हणून त्या खडकीत एकत्र आणल्या. आज तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. मुंबई हे आरमाराचं मोठं बंदर, त्यामुळे घाट चढून आलेल्या या मंडळींत दर्यावर्दीही आले. पहिल्या महायुद्धातले मृत मात्र वेगळे मोजायचे. त्यांच्यासाठी त्याच आवारात स्मारक आहे, त्यावर 1,800 हून अधिक नावं. त्यांपैकी 629 जणांचे अवशेष जून 1962 मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून उचलून इथे पुन्हा पुरले. म्हणजे तुमच्याकडच्या जुन्या कागदावर ‘शिवडी’ लिहिलेलं असेल आणि शिवडीत काही सापडत नसेल, तर निराश होण्याआधी खडकीला चक्कर मारा.

आधी घरी बसून

या युद्धकबरी राखायचं काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं. 1917 मध्ये ‘इंपीरियल’ नावानं सुरू झालं, 1960 मध्ये ‘कॉमनवेल्थ’ झालं. त्यांच्या संकेतस्थळावर युद्धमृतांचा शोध फुकट करता येतो. नवखा माणूस आडनाव टाकतो, चारशे निकाल येतात, तो लॅपटॉप बंद करतो. तसं करू नका. आधी दफनभूमीचं नाव भरा, आणि तेही जुन्या इंग्रजी वळणानं ‘किर्की’ असंच. ‘खडकी’ लिहून काही हाती लागणार नाही. मग सैन्यदलाच्या रकान्यात नौदल निवडा. ती यादी उतरवून घ्या, मग तोच शोध व्यापारी नौदलासाठी पुन्हा करा. या दोन याद्या हातात असल्या की निम्मं काम झालं.

प्रत्येक नावापुढे कबरीचा पत्ता असतो: आकडा, अक्षर, आकडा. पहिला आकडा विभागाचा, अक्षर रांगेचं, शेवटचा आकडा त्या रांगेतल्या कबरीचा. हे वहीत विभागवार लावून घ्या, नाहीतर उन्हात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला हेलपाटे होतात. माझी पहिली यादी आडनावांच्या क्रमानं होती. त्या दिवशी किती चाललो ते पायांना विचारा.

कोण या यादीत बसतो तेही समजून घ्या. कमिशन मृत्यूची तारीख पाहतं: पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921, दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. युद्ध 1945 ला संपलं तरी 1946 चा दगड ‘युद्धकबर’ म्हणून उभा दिसतो तो त्यामुळे. या काळात सैनिकी नौदलातला माणूस तापानं गेला, ट्रकखाली आला, तरी तो यादीत येतो. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला हा नियम लागू नाही. त्याचा मृत्यू शत्रूच्या हल्ल्यानं किंवा थेट युद्धाच्या कारणानं झालेला असावा लागतो. बोटीवर न्यूमोनियानं गेलेला पणजोबा या यादीत नसतो, आणि त्यात कुणाची चूक नसते.

प्रत्यक्ष गेल्यावर

जागा खडकीत मुळा रोडवर आहे. सकाळी लवकर जा, आणि शक्यतो हिवाळ्यात. कारण फक्त ऊन नाही. कोरलेली अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. बारा वाजता सूर्य डोक्यावर आला की तोच दगड कोरा वाटतो. मी हातात एक छोटा आरसा ठेवतो, न्हाव्याच्या दुकानात असतो तसा. बाजूनं उजेड दगडावर टाकला की झिजलेला आकडाही वाचता येतो. खडू, कोळसा, पीठ, शेव्हिंग क्रीम असलं काहीही अक्षरांत भरू नका. कागद ठेवून पेन्सिल घासायचा मोहही आवरा.

आणखी एक, आपल्याकडचं. काही जण श्रद्धेनं हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात, उदबत्ती दगडालाच टेकवून लावतात. भाव चांगला, पण तेलाचा आणि कुंकवाचा डाग पांढऱ्या दगडातून निघत नाही. फुलं ठेवा, तेवढं पुरे. कमिशनच्या दफनभूमीत सहसा भिंतीत एक छोटं कपाट असतं, त्यात नावांची नोंदवही आणि भेट देणाऱ्यांची वही. दिसलं नाही तर तिथल्या माळ्याला विचारा. बागकाम करणाऱ्या माणसांना रांगा तोंडपाठ असतात, आणि कुणी नीट विचारलं तर ते हातातलं काम सोडून दाखवायला येतात. फोटोबद्दलही त्यांनाच विचारून घ्या.

दगड वाचायचा कसा

मुख्य गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

सगळे दगड एकाच साच्यातले. ॲडमिरल असो की भांडी घासणारा पोऱ्या, मापात आणि दर्जात भेद नाही, हे कमिशननं सुरुवातीलाच ठरवलेलं. त्यामुळे दगडाच्या आकारावरून काहीच कळत नाही. कळतं ते चिन्हावरून आणि मजकुरावरून.

चिन्ह पाहा. ब्रिटिश आरमाराच्या माणसाच्या दगडावर दोरखंड गुंडाळलेला नांगर असतो. रॉयल मरीन्सच्या, म्हणजे आरमाराच्या शिपायांच्या, दगडावर पृथ्वीचा गोल. व्यापारी नौदलाच्या दगडावर दोराच्या वेढ्यात ‘एम एन’ ही इंग्रजी अक्षरं आणि वर मुकुट. शेजारच्या पायदळाच्या दगडांवर रेजिमेंटची नाना चिन्हं असतात, त्या गर्दीत नांगर पटकन डोळ्यात भरतो. एकदा ओळख झाली की.

मग क्रमांक. समजा दगडावर ‘पी’, तिरकी रेघ, ‘जेएक्स’ आणि पुढे सहा आकडे आहेत. (नमुना म्हणून सांगतोय, एखादी ठराविक कबर डोळ्यांपुढे नाही.) ‘पी’ म्हणजे पोर्ट्समथ, त्याचं मूळ बंदर. त्याजागी ‘डी’ असेल तर डेव्हनपोर्ट (म्हणजे प्लिमथचं बंदर), ‘सी’ असेल तर चॅटम. ‘जेएक्स’ म्हणजे डेकवरचा खलाशी. ‘केएक्स’ असेल तर तो बॉयलरपाशी कोळसा-तेलाचं काम करणारा स्टोकर, ‘एमएक्स’ असेल तर कारागीर वर्गातला, ‘एलएक्स’ असेल तर अधिकाऱ्यांच्या जेवणाखाण्याकडे पाहणारा, ‘एफएक्स’ असेल तर आरमाराच्या विमानदळातला. म्हणजे त्या तीन इंग्रजी अक्षरांत माणसाचं बंदरही आलं आणि कामही. अधिकाऱ्यांना असा क्रमांक नसतो, त्यामुळे नुसती हुद्द्याची ओळ दिसली तर क्रमांक झिजला असं समजू नका.

मूळ बंदराचा आणखी एक उपयोग आहे. जे समुद्रातच गेले, ज्यांची कबरच नाही, त्या ब्रिटिश नौसैनिकांची नावं पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटम इथल्या तीन मोठ्या स्मारकांवर याच हिशेबानं वाटली आहेत. एका जहाजावरचे दोन मित्र, एक खडकीच्या मातीत आणि दुसऱ्याचं नाव पार प्लिमथला, असं होऊ शकतं.

पुढे जहाजाचं नाव. इथे सगळे फसतात. ‘एचएमएस’ (म्हणजे इंग्लंडच्या राजाचं जहाज) लिहिलंय म्हणून ते तरंगणारं असेलच असं नाही. इंग्रजांच्या आरमारात किनाऱ्यावरच्या कचेऱ्या, बरॅकी, प्रशिक्षणशाळा यांनाही जहाजासारखीच नावं देत. ‘एचएमएस ब्रगान्झा’ हा त्यांचा मुंबईतला तळ होता, विटा-दगडांचा. कोइमतूरला तर ‘एचएमएस गरुडा’ होती, विमानदुरुस्तीचा कारखाना! तेव्हा दगडावर ब्रगान्झा दिसलं की ‘बोट बुडाली असणार’ अशी गोष्ट रचू नका. तो पोरगा मुंबईच्या इस्पितळात मलेरियानंही गेला असेल. दगड मृत्यूचं कारण सांगत नाही.

‘एचएम’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये ‘आय’ हे अक्षर असेल तर मात्र आपलं: रॉयल इंडियन नेव्ही. हे नाव 1934 पासूनचं. त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या माणसाला ‘नेव्ही’त शोधून काही मिळणार नाही. इथेही किनाऱ्यावरची ‘जहाजं’ होतीच. फेब्रुवारी 1946 मध्ये जिथून नाविकांचं बंड पेटलं ती ‘तलवार’ कुलाब्यातली बिनतारी संदेशांची शाळा होती. ‘डलहौसी’ म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्यातला तळ, आजची ‘आयएनएस आंग्रे’.

तारखांकडे लक्ष असू द्या. कुठे 14 एप्रिल 1944 दिसली तर थांबा. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज फुटलं. कापसाच्या गासड्या आणि जवळपास 1,400 टन स्फोटकं एकाच बोटीत होती. ती तारीख दिसली म्हणजे कारण तेच असं मात्र नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा.

दगडाच्या तळाशी कधीकधी एक वेगळी ओळ असते. ती घरच्यांनी सुचवलेली, साधारण साठ अक्षरांत बसवलेली. माझं मत विचाराल तर सगळं सोडा आणि ही ओळ आधी उतरवा, कारण जमिनीलगत असल्यामुळे गवताखाली आणि मातीखाली तीच पहिली झाकली जाते. ज्याची ओळखच पटली नाही त्याच्या दगडावर ‘फक्त देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. ते शब्द रुडयार्ड किपलिंगनं निवडलेले. त्याचा जन्म मुंबईचा, 1865 चा. त्याचा मुलगा 1915 मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर गेला आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही.

ज्यांना दगडच नाही

इथवर वाचून कुणीतरी विचारेल, मग आपले रत्नागिरीचे खलाशी कुठे आहेत? खडकीत ते शोधू नका. हिंदू असेल तर दहन झालेलं, कबर नाहीच. मुसलमान असेल तर बंदराच्या गावच्या कब्रस्तानात. आणि बोट बुडाली असेल तर, धर्म कुठलाही असो, पाण्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्यदलांच्या 25,000 हून अधिक मृतांची नावं दिल्ली आणि कराचीच्या स्मारकांकडे आहेत. पण समुद्रात गेलेल्यांसाठी तुम्हाला लोकल पकडून मशीद बंदरला उतरावं लागेल.

स्टेशनच्या पूर्वेला, गोदीच्या बाजूला, इंडियन सेलर्स होम आहे. आजूबाजूला हातगाड्या, मसाल्याचा वास, ट्रकची रांग; इथे जागतिक युद्धाचं स्मारक असेल असं वाटतही नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक इथे आहे. दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक तर चक्क वहीच्या रूपात आहे: भारतीय नौदल आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे साडेसहा हजार जणांची नामावली. तिची दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला ठेवली आहे, कारण बोटींवर कोकणातल्या माणसांसोबत सिल्हेट-नोआखालीकडचीही पुष्कळ माणसं होती. ही खलाशांची राहती संस्था आहे, संग्रहालय नाही. आधी फोन करून जा, ओळखपत्र न्या, आणि कुणाच्या झोपायच्या वेळी कॅमेरा घेऊन फिरू नका.

ही नावं संकेतस्थळावरही आहेत, पण आपल्या माणसाचं नाव तिथे मिळवणं हा वेगळाच खेळ. काही गोष्टी ठोकर खाऊन शिकलो, त्या सांगतो.

नावावरून शोधू नका, जहाजावरून शोधा. इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. इब्राहिमचा इब्राम होतो, दाऊदचे तीन प्रकार होतात, मोहम्मदचे तर मोजूच नका. पुष्कळांना आडनावच लिहिलेलं नाही, नाव आणि बापाचं नाव एवढंच. कधी बापाचं नावच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलेलं असतं. जहाजाचं नाव मात्र कारकून सहसा चुकत नाही. तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांना नाव विचारू नका, ते तुम्हाला माहीतच आहे. बोटीचं नाव विचारा, कंपनी विचारा. ‘बी आय ची बोट’, ‘पी अँड ओ ची बोट’ (या तेव्हाच्या इंग्रजी बोट कंपन्या) एवढं आठवलं तरी धागा मिळतो.

जिल्हे तेव्हाचे लावा. सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस रत्नागिरी जिल्ह्यातच असणार, आणि सावंतवाडीचा असेल तर त्या संस्थानात. रायगडचं नाव तोवर कुलाबा होतं. इंग्रजीत ‘कोलाबा’ वाचलं की आपण मुंबईच्या कुलाब्याला धावतो, माणूस असतो अलिबागचा किंवा रोह्याचा. मुरुडकडचा असेल तर ‘जंजिरा’. गोव्याचा असेल तर पोर्तुगीज इंडिया. बोटींवरच्या भटारखान्यात आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या दालनात, गोंयकारच जास्त, त्यामुळे हुद्द्यावरूनही अंदाज येतो.

हुद्दे तर आपलेच शब्द आहेत, फक्त इंग्रजी अक्षरांत दबलेले. सारंग म्हणजे डेकवरच्या किंवा इंजिनातल्या टोळीचा मुख्य, त्याच्या हाताखाली टंडेल. सुकाणी सुकाणूवर, भंडारी स्वयंपाकाला, आगवाला भट्टीपाशी. इंग्रजी यादीत ‘भंडारी’ वाचून ते आडनाव समजू नका, आणि उलटही होतं. आगवाल्यांच्या नावांची दाटी दिसली तर एक लक्षात घ्या: टॉर्पेडो बसतो पाण्याच्या रेषेखाली, आणि भट्टीही तिथेच असते. वरच्या डेकवर पोचायला त्यांना लोखंडी शिड्या चढून यावं लागे.

तारखेची गल्लत तर हमखास. घरात सांगतात, ‘आजोबा नारळी पौर्णिमेच्या आधी गेले.’ यादीत तारीख एप्रिलची. दोन्ही बरोबर असू शकतं. यादीत बोट बुडाल्याची तारीख असते, घराच्या आठवणीत तार आल्याची. मध्ये महिने जात. म्हणून बोटीचं नाव कळलं की ती कधी बुडाली ते वेगळ्या जागी तपासा. पी अँड ओ ची ‘मंगोलिया’ 23 जून 1917 ला मुंबईच्याच समुद्रात, ‘वुल्फ’ या जर्मन जहाजानं पेरलेल्या सुरुंगावर गेली. ‘तिलावा’ 23 नोव्हेंबर 1942 ला, मुंबईहून आफ्रिकेला जाताना, जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं. 280 जण गेले. अशा ठिकाणी आपला माणूस खलाशी होता की प्रवासी ते आधी ठरवा. खलाशांच्या नामावलीत प्रवासी सापडणार नाही.

1947 नंतरच्या नौसैनिकांचा या कमिशनशी संबंध नाही. ‘खुकरी’ या युद्धनौकेवर 9 डिसेंबर 1971 ला गेलेल्यांसाठी दीवला जावं लागतं.

घरी परतल्यावर

त्याच संध्याकाळी वही नीट उतरवा. प्रत्येक नावाला एक पान: दगडावर जसं आहे तसं, इंग्रजी अक्षरांसकट, चूक वाटली तरी न सुधारता. त्याखाली तुमचा अंदाज, वेगळ्या शाईत. मी पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र लिहिलं आणि नंतर दगड काय म्हणत होता आणि मी काय म्हणत होतो हे मलाच वेगळं करता येईना.

कमिशनच्या संकेतस्थळावर पुष्कळ नावांखाली जुने टंकलिखित कागदही जोडलेले आहेत: कबरींचे तक्ते, दगडावर काय कोरायचं त्याच्या याद्या. ते उघडायचा कंटाळा करू नका. वारसाचं नाव, गाव, कधी खोडून दुरुस्त केलेलं वय, असं दगडावर न आलेलं काहीबाही तिथे मिळतं.

आणि खरंच चूक सापडली, गाव चुकलंय, बापाचं नाव चुकलंय, तर कमिशनला कळवता येतं. त्यांना पुरावा लागतो: खलाशाचं सीडीसीचं (बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं) पुस्तक, कंपनीचं पत्र, तेव्हाची तार, पेन्शनचा कागद. ‘आमच्या घरात असं सांगतात’ याला पुरावा म्हणत नाहीत. स्कॅन करून पाठवा आणि उत्तराची घाई करू नका. मूळ कागद मात्र कुणालाही देऊ नका, अगदी चांगल्या हेतूनं मागितला तरी. आणि तो लॅमिनेट करायला दुकानात नेऊ नका. ऐंशी वर्षं जुनी शाई त्या गरम रोलरखाली कशी पसरते ते मी एकदा पाहिलंय.